ज्यांना कोणी शोधलंच नाही

थरारकथेतला मालिका-खुनी ठरलेला असतो. थंड डोक्याचा, चार पुस्तकं जास्त वाचलेला, प्रत्येक प्रेताशेजारी काहीतरी खूण ठेवून जाणारा. ती खूण एकाच माणसाला कळावी अशी त्याची इच्छा असते आणि तो माणूस म्हणजे झोप उडालेला, घरच्यांशी धड न बोलणारा एक पोलीस अधिकारी. भिंतीवर फोटो, फोटोंमधून फिरवलेला लाल दोरा, नकाशावर टाचण्या. शेवटच्या भागात दोघं समोरासमोर येतात. मी अशा कथा शाळेत असल्यापासून आवडीने वाचत आले आहे आणि आजही नवी मालिका आली की एका बैठकीत संपवते. त्यांतल्या रक्तपाताबद्दल माझी तक्रार नाही. माझा आक्षेप आहे तो त्यांच्या पायातल्या एका गृहीतकावर: खुनी सापडत नाही, कारण तो पोलिसांपेक्षा हुशार आहे.

आपल्या भागातली गाजलेली प्रकरणं एकापुढे एक ठेवून वाचली की वेगळंच चित्र दिसतं. यातले बरेच खुनी वर्षानुवर्षं मोकळे फिरले, कारण त्यांच्या मागावर कोणी नव्हतंच. मेलेली माणसं मेली आहेत, हेच कुठल्या कागदावर आलेलं नव्हतं.

गोव्यातल्या शिरोड्याचा महानंद नाईक घ्या. रिक्षा चालवणारा माणूस. एप्रिल २००९ मध्ये फोंडा पोलिसांनी त्याला पकडलं आणि १९९४ पासूनच्या १६ स्त्रियांच्या खुनांचे आरोप त्याच्यावर आले. तेव्हा दोनच जिल्हे असलेलं राज्य, जिथे एका गावातली बातमी संध्याकाळपर्यंत पुढच्या गावात पोचते. तिथे पंधरा वर्षं! त्याची पद्धत सांगायला दोन वाक्यं पुरतात. गरीब घरातल्या, लग्न लांबत चाललेल्या मुलीशी ओळख काढायची, खोटं नाव सांगून लग्नाचं वचन द्यायचं आणि भेटायला येताना अंगावर दागिने घालून यायला सांगायचं. मग निर्जन जागी तिच्याच दुपट्ट्याने गळा आवळायचा आणि सोनं सराफाकडे नेऊन विकायचं.

यात बुद्धिमत्तेचा लवलेश नाही. पण आता त्या मुलीच्या घरी काय उरलं ते पाहा. मुलगी सकाळी नटूनथटून गेली. आदल्या आठवड्यात खुशीत होती. कपाटातलं सोनं जागेवर नाही. आई, मामा, शेजारी, गावातला पंच आणि पोलीस ठाण्यातला हवालदार, सगळे एकाच निष्कर्षाला येतात: कोणाचा तरी हात धरून गेली. सोनं नेलं हा तर पुरावाच. काही घरांनी लाजेखातर तक्रारच दिली नाही. ज्यांनी दिली, त्यांच्या तक्रारीची नोंद झाली आणि सगळे वाट पाहत बसले, कधीतरी कडेवर मूल घेऊन दारात येईल म्हणून. खुन्याला स्वतःच्या खुणा पुसाव्या लागल्या नाहीत. ते काम आपल्या अब्रूच्या कल्पनांनी केलं. मुलीची आठवण काढायची तरी कोणत्या तोंडाने, असं ज्या घराला वाटतं, ते घर तिसऱ्या वेळी ठाण्याची पायरी चढत नाही.

अखेर एका बेपत्ता तरुणीच्या मोबाइलच्या नोंदींवरून माग लागला. म्हणजे जे काम पहिल्या तक्रारीनंतर व्हायला हवं होतं, ते झालं आणि पहिल्याच खऱ्या तपासात माणूस हाती आला. तोवर जुन्या प्रकरणांतले पुरावे कधीच नाहीसे झाले होते. काही खटल्यांत त्याला जन्मठेप झाली, पण अनेक खटल्यांत तो पुराव्याअभावी सुटला. त्या घरांना आपल्या मुलीचं काय झालं, हे कोर्टाच्या शिक्क्यानिशी कधीच कळलं नाही.

त्याच वर्षी, ऑक्टोबर २००९ मध्ये, गोव्याच्या दक्षिणेला कर्नाटकाच्या किनारपट्टीवर मोहन कुमार पकडला गेला. प्राथमिक शाळेत शिक्षक होता. २००३ ते २००९ या काळात २० स्त्रिया. इथेही हुंड्याविना लग्नाचं आमिष, इथेही दागिने. घरापासून लांबच्या शहरात लॉजवर रात्र काढायची, सकाळी दागिने खोलीतच ठेवायला सांगून तिला बसस्थानकावर न्यायचं आणि दिवस राहू नयेत म्हणून ही गोळी घे, असं सांगून सायनाइड हातात ठेवायचं. गोळी घेतल्यावर त्रास होईल, तेव्हा स्वच्छतागृहात जाऊन घे, हेही तोच सांगायचा. मडिकेरी, हासन, म्हैसूर, बंगळूर अशा ठिकाणी बसस्थानकाच्या स्वच्छतागृहांत, आतून कडी लावलेल्या दाराआड तरुण स्त्रियांची प्रेतं सापडत राहिली आणि दर ठिकाणी स्थानिक पोलिसांनी आपापल्या हद्दीतली एक अनोळखी बाई म्हणून त्यांची नोंद केली. एकसारखी वीस प्रेतं. पण कागद वेगळे, तालुके वेगळे, त्यामुळे ती एकसारखी आहेत हे कोणाला दिसलंच नाही.

हे प्रकरण फुटलं तेही विचार करण्यासारखं आहे. बंटवाळ तालुक्यातल्या एका गावातली मुलगी नाहीशी झाली आणि ती दुसऱ्या धर्माच्या मुलाबरोबर पळाली, असा संशय घेऊन लोक पोलिसांवर चालून गेले. संशय साफ खोटा होता. पण दबावामुळे पोलिसांनी तिचे फोन तपासले. एका नंबरावरून दुसऱ्या बेपत्ता बाईचा नंबर निघाला, त्यावरून तिसरीचा. आधीच्या स्त्रियांसाठी असा जमाव जमला नव्हता. एका गरीब बाईच्या तपासाला धार्मिक वादाचं इंधन मिळाल्याशिवाय वेग येऊ नये, ही गोष्ट मला त्या खुन्याइतकीच भयंकर वाटते.

आता हे होतं कसं, ते कागदावर बघू. प्रौढ माणूस हरवल्याची तक्रार ठाण्यात गेली की 'मिसिंग'ची नोंद होते. तो गुन्हा नाही. अनोळखी प्रेत सापडलं की 'अकस्मात मृत्यू', म्हणजे पोलिसांच्या भाषेत एडी, दाखल होतो. तोही गुन्हा नाही. पंचनामा, शवविच्छेदन, व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले आतले अवयव) राखून ठेवणं, काही दिवस शवागार, मग बेवारस म्हणून अंत्यविधी. एक नोंद एका तालुक्यातल्या ठाण्यात, दुसरी दोनशे किलोमीटरवरच्या. दोन्ही माणसं एकच आहेत हे जुळवणं कोणाचं काम, याचं उत्तर व्यवहारात बहुतेक वेळा "कोणाचंच नाही" असं मिळतं.

कुठल्याही मोठ्या स्टेशनवरच्या रेल्वे पोलीस ठाण्याबाहेरचा फलक थांबून वाचा. एका कागदावर: वय अंदाजे ३०, रंग सावळा, बांधा सडपातळ, नेसणीस निळी साडी, उजव्या हातावर नाव गोंदलेलं, मराठी बोलते, तरी माहिती मिळाल्यास कळवावे. शेजारच्या कागदावर: अनोळखी स्त्री जातीचे प्रेत, वय अंदाजे ३० ते ३५, रंग सावळा, बांधा मध्यम, उजव्या हातावर गोंदण. छायाप्रतीत फोटो इतका काळा झालेला असतो की सख्ख्या बहिणीलाही ओळख पटू नये. सांगलीहून निघालेल्या बाईचा भाऊ कल्याणच्या भिंतीवरचा कागद वाचायला येणार कसा? त्याला तर तिने गाडी पकडली की एसटी, हेही माहीत नसतं. लाल दोरा खरा हवा आहे तो इथे, या दोन कागदांच्या मध्ये.

मुंबईच्या रामन राघवची गोष्ट आपल्याकडे दंतकथेसारखी सांगितली जाते, म्हणून तिच्याकडे नीट पाहायला हवं. १९६५-६६ मध्ये पूर्व उपनगरांत मध्य रेल्वेच्या रुळांलगत झोपलेल्या १९ जणांवर हल्ले झाले, त्यांतले ९ दगावले. त्या वेळी राघव संशयावरून पोलिसांच्या हाती आला होता. आधीच्या गुन्ह्यामुळे दप्तरी त्याची नोंद होती. पण या हल्ल्यांशी जोडणारा पुरावा नव्हता, म्हणून सोडावं लागलं. १९६८ मध्ये पुन्हा तसेच हल्ले सुरू झाले, या वेळी उत्तरेच्या उपनगरांत, झोपड्यांत आणि फुटपाथवर झोपणाऱ्यांवर. गुन्हे शाखेचे रमाकांत कुलकर्णी यांनी तपास हाती घेतला. २७ ऑगस्ट १९६८ ला अॅलेक्स फियालो या सब-इन्स्पेक्टरने डोंगरीच्या रस्त्यावर त्याला ओळखलं ते जुन्या फोटोवरून आणि वर्णनावरून. बोटांचे ठसे दप्तरातल्या ठशांशी जुळले. या तपासाचं श्रेय कुठल्या चमकदार तर्काला द्यायचं तर द्यायला जागाच नाही. जपून ठेवलेला फोटो, जपून ठेवलेले ठसे आणि ते डोक्यात ठेवून रस्त्याने चालणारा एक जागरूक अधिकारी, एवढ्यावर तो पकडला गेला.

आणि खुनी कसा निघाला? स्वतःशीच बोलणारा, मनाने पार ढासळलेला माणूस. सत्र न्यायालयाने फाशी दिली, त्याने अपीलही केलं नाही. पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशाने तीन मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला तपासलं, दीर्घकालीन स्किझोफ्रेनिया असल्याचं सांगितलं आणि शिक्षा जन्मठेपेवर आली. १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात तो वारला. त्याने ४१ खुनांची कबुली दिली होती. खरा आकडा छातीठोकपणे सांगता येत नाही, कारण फुटपाथवर झोपणाऱ्या माणसाची मोजदाद जिवंतपणीही धड होत नव्हती. राघवचं नाव सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. त्याने मारलेल्या एकाचं तरी नाव कोणाला सांगता येईल?

पुण्याच्या जोशी-अभ्यंकर खून खटल्याशी हे ताडून पाहा. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७, दहा खून, आरोपी अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शहा यांना २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात फाशी झाली. विजयनगर कॉलनी आणि भांडारकर रस्ता अशा पांढरपेशा वस्त्यांतली घरं होती ती. पुणं हादरलं, दिवेलागणीलाच दारं बंद होऊ लागली. त्या पिढीतले लोक आजही ते दिवस सांगताना आवाज खाली आणतात. पण याच प्रकरणातला पहिला खून मात्र वर्षाहून अधिक काळ खून म्हणून कोणाला माहीतच नव्हता. आरोपींनी आपल्याच कॉलेजातल्या मुलाला पळवलं, घर सोडून जातोय अशी चिठ्ठी त्याच्या हातून लिहवून घेतली, त्याला मारलं आणि प्रेत पिंपात घालून पेशवे पार्कच्या तळ्यात बुडवलं. शहराच्या ऐन मध्यात. चिठ्ठी होती, मुलगा तरुण होता, तेव्हा निघून गेला असेल. त्या जानेवारीत ही चिठ्ठी कोणी संशयाने वाचली असती तर पुढचे नऊ जीव वाचले असते का, हे सांगता येत नाही. पण पुढच्या नऊ जणांपर्यंत पोचायला त्या टोळीला मोकळं रान मिळालं ते या एका गैरसमजाने, असं माझं मत आहे.

कोल्हापूरच्या गावित मायलेकींच्या प्रकरणात तर काही मुलांच्या मागे विचारणारंच कोणी नव्हतं. १९९० ते १९९६ या काळात अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका व सीमा यांनी १३ मुलं पळवली, गर्दीत पाकिटमारी करताना ढाल म्हणून वापरली आणि त्यांतली कित्येक मारून टाकली. पहिलं मूल भीक मागणाऱ्या बाईचं होतं. त्या पकडल्या गेल्या त्या स्वतःच्याच नात्यातल्या वैरापायी, एका घरातून नेमका संशय घेऊन तक्रार झाली तेव्हा. दोघी बहिणींची फाशी जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जन्मठेपेत बदलली, कारण दयेच्या अर्जावर निर्णय व्हायला सरकारी दप्तरांत वर्षानुवर्षं लागली होती. म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत, या प्रकरणाचं भवितव्य कागद हलतो की पडून राहतो यावरच ठरत गेलं.

कोणी म्हणेल, कथा ती कथा, तपास तो तपास, एकाचा दुसऱ्यावर काय परिणाम? इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये तो झाला आहे. पीटर सटक्लिफने १९७५ ते १९८० मध्ये १३ स्त्रियांचे खून केले. १९७९ मध्ये तपासप्रमुख जॉर्ज ओल्डफील्ड यांच्या नावाने एक ध्वनिफीत आली. आवाज शांत, बोलणं खिजवणारं, तुम्ही मला पकडू शकत नाही अशा थाटाचं. अगदी थरारकथेतला खुनी. पोलिसांनी तो आवाज खुन्याचाच मानला आणि त्यातला विशिष्ट प्रादेशिक हेल नसलेल्या माणसांवरचा संशय ढिला झाला. सटक्लिफचा हेल वेगळा होता. फीत एका भलत्याच माणसाने केलेली थाप होती, तो २००५ मध्ये डीएनएवरून सापडला. सटक्लिफची चौकशी पोलिसांनी नऊ वेळा केली होती आणि नऊही वेळा तो सुटला. जानेवारी १९८१ मध्ये सापडला तो गाडीच्या खोट्या नंबरप्लेटमुळे, नेहमीच्या तपासणीत. शिवाय बळी पडलेल्यांतल्या काही वेश्याव्यवसायातल्या होत्या. पोलीस आणि वर्तमानपत्रं 'निष्पाप' स्त्रिया आणि 'त्या' स्त्रिया असा भेद उघड करत. त्या भाषेबद्दल तिथल्या पोलिसांनी माफी मागितली, पण २०२० मध्ये, खुनी मेल्यावर.

हुशार राक्षसाची ही ओढ आपल्याकडे निठारीत वेगळ्या तऱ्हेने अंगाशी आली. नोएडाच्या त्या वस्तीतले आईबाप मुलं हरवल्याच्या तक्रारी घेऊन ठाण्यात जात होते आणि परत पाठवले जात होते. डिसेंबर २००६ मध्ये नाल्यातून सांगाडे निघाले, मग सगळा देश चवताळला आणि एक नरभक्षक नोकर सगळ्यांना मिळाला. कबुलीवर भिस्त ठेवून शिक्षा झाल्या. २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तपासावर कडक ताशेरे ओढून आरोपींना निर्दोष सोडलं आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात उरलेलं प्रकरणही संपलं. आज त्या मुलांचे खून कोणी केले, याचं कायद्याने मान्य केलेलं उत्तर नाही. आधी कोणी शोधलं नाही आणि नंतर घाईघाईने राक्षस शोधला, या दोन्हींची किंमत त्याच आईबापांनी मोजली.

मग प्रत्येक बेपत्ता प्रौढ माणसामागे पोलीस लावायचे का? हा आक्षेप खोटा नाही आणि तो मी सर्वांत गांभीर्याने घेते. सज्ञान मुलीला घर सोडण्याचा, मनासारखं लग्न करण्याचा, आईबापांशी न बोलण्याचा हक्क आहे. कित्येक जणी मारहाणीतून सुटण्यासाठी निघून जातात आणि त्यांना शोधून परत आणणं म्हणजे मरणाच्या दारात उभं करणं. सैराट धावणाऱ्या भावाच्या हाती पोलिसांनी पत्ता द्यावा, असं कोणाही शहाण्या माणसाला वाटणार नाही. पण २०२२ च्या अखेरीस, वसईच्या एका तरुणीचा दिल्लीत झालेला खून उघड झाल्यावर, महाराष्ट्र सरकारने काय केलं? आंतरधर्मीय विवाह केलेल्यांची माहिती ठेवणारी समिती नेमली. त्या मुलीने दोन वर्षं आधी, हा मला मारून तुकडे करील, अशी लेखी तक्रार पोलिसांकडे दिली होती. पुढे तिने ती मागे घेतली, असं पोलिसांनी सांगितलं. सुधारणा हवी होती ती अशा तक्रारीचं पुढे काय होतं यात. सरकारने नजर ठेवली ती लग्नांवर.

हक्क आणि शोध यांचा मेळ घालणं अवघड नाही. पोलिसांनी त्या व्यक्तीला प्रत्यक्ष भेटावं, एकटीला, घरच्यांच्या आणि नवऱ्याच्याही अनुपस्थितीत. ती सुखरूप आहे आणि स्वतःच्या मर्जीने गेली आहे, असा जबाब घ्यावा आणि घरच्यांना एवढंच कळवावं. पत्ता सांगू नये. पण असा जबाब मिळत नाही तोवर तक्रार बंद करू नये. "गेली असेल" या अंदाजावर फाइल मिटवायला मनाई असावी. महानंद नाईकची पंधरा वर्षं या एका नियमापुढे टिकली नसती असं मला वाटतं.

लहान मुलांच्या बाबतीत आपण निदान इथवर आलो आहोत. मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण किंवा तस्करी गृहीत धरून गुन्हाच नोंदवायचा. प्रौढांसाठी तसं सरसकट बंधन नाही. चोवीस तास थांबा, येईल, हे वाक्य मात्र अजून ठाण्यांतून ऐकू येतं. कायद्यात असा थांबण्याचा कुठलाही नियम नाही. बेवारस प्रेतं आणि बेपत्ता माणसं यांच्या डीएनए नोंदी ठेवून त्या जुळवण्याची तरतूद असलेलं विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं होतं. खासगी माहितीच्या गैरवापराची भीती त्यावर व्यक्त झाली आणि ती रास्त होती. २०२३ मध्ये सरकारने विधेयक मागे घेतलं. संशयितांच्या नोंदींचा वादग्रस्त भाग बाजूला काढून, फक्त अनोळखी मृतांचे आणि स्वखुशीने नमुना देणाऱ्या नातेवाइकांचे नमुने जुळवणारा छोटा कायदा तेव्हाही करता आला असता आणि आजही करता येईल.

तोवर एक गोष्ट ज्याच्या-त्याच्या हातात आहे. घरातलं, वाड्यातलं, कामावरचं कोणी नाहीसं झालं आणि ठाण्यात गेलात, तर तक्रारीची प्रत घ्या, नोंद क्रमांक आणि तपास अंमलदाराचं नाव लिहून घ्या आणि आठवड्याने परत जाऊन विचारा: शेजारच्या जिल्ह्यांतले एडी तपासले का, रेल्वे पोलिसांना कळवलं का, फोनच्या नोंदी कधी मागवल्या? आणि हरवलेली व्यक्ती धुणीभांडी करणारी मावशी असेल, बांधकामावरचा परप्रांतीय मजूर असेल, तर त्यांच्या घरच्यांबरोबर तुम्ही स्वतः जा. ठाणे अंमलदार त्यांना बाकावर बसवून ठेवतो, हे त्यांना तोंडपाठ असतं.